भटकी कुत्री आणि अकरा महिन्यांचा करार

शाळा, महाविद्यालये, सरकारी रुग्णालये यांच्या सूचनाफलकांवर परीक्षांची वेळापत्रके आणि पतपेढीच्या सभेच्या नोटिसा यांच्या शेजारी अधूनमधून एक निराळीच चिठ्ठी लावलेली आढळते. ‘वय दीड वर्ष, मादी, स्वभावाने गरीब, शस्त्रक्रिया व लसीकरण झालेले, मुलांत रमते, कायमचे घर हवे आहे.’ खाली कोणा विद्यार्थ्याचा किंवा परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक. चिठ्ठी वाचणारे पुष्कळ असतात, दोघेचौघे चौकशीही करतात. परंतु कागद पिवळा पडून गळून जाईपर्यंत ती मादी बहुधा आवारातच असते. यात कोणाचे फारसे बिघडत नव्हते. घर मिळाले नाही तर आवार होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनी नेमका हा आधार काढून घेतला. एरवी चार प्राणिप्रेमी मंडळींचा खासगी खटाटोप म्हणून ज्याकडे दुर्लक्ष करता आले असते, तो विषय त्यामुळे सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत आला आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. दिल्लीतील श्वानदंशाच्या वृत्ताची स्वतःहून दखल घेऊन न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी राजधानी व लगतच्या परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आणि ती पुन्हा रस्त्यावर न सोडण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्य पीठाने हा आदेश सौम्य केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. त्याच आदेशात एक कलम असे होते की, प्राणिप्रेमी नागरिकांना पालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेता येईल; परंतु ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून, निर्बीजीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावीत, त्याच आवारात पुन्हा सोडू नयेत, असा देशव्यापी आदेश निघाला.

या आदेशांना केवळ क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाची ३७ लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा घेतला जातो तो मोटारीतून फिरणाऱ्याचा नव्हे. पायी शाळेत जाणारे मूल, पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणारा पोऱ्या आणि रात्रपाळीहून परतणारा कामगार यांचा. ज्याच्या मुलाला पाच-पाच सुया टोचून घ्याव्या लागल्या, त्याला भूतदयेवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एवढ्या संख्येला ना निवारे पुरतील ना घरे. संख्या आटोक्यात आणण्याचा मार्ग निर्बीजीकरणाचा आणि रोग आटोक्यात आणण्याचा मार्ग लसीकरणाचा. सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली की रेबीजचा प्रसार खुंटतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. दत्तकविधान हा या मोठ्या प्रश्नाचा तोडगा नव्हे, आणि तसा आव आणणाऱ्यांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

मग दत्तक घेण्याचा विचार करायचा कोणासाठी? येथे नोव्हेंबरच्या आदेशातील एक विसंगती पुढे येते. ऑगस्टच्या आदेशातील कसोटी कुत्र्याच्या वर्तनाची होती. नोव्हेंबरच्या आदेशातील कसोटी जागेची आहे. जी कुत्री महाविद्यालयाच्या कँटीनपाशी, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या पायऱ्यांवर किंवा एस.टी. स्थानकाच्या बाकाखाली वाढली, ती रोज शेकडो अनोळखी माणसे पाहात वाढलेली असतात. कुत्र्याच्या पिलाला वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळाला तर ते जन्मभर माणसाला बिचकत नाही, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवून दिले होते. आवारातील सगळीच कुत्री गोगलगाय असतात असे नव्हे. टोळी करून अंगावर धावणारीही तेथे असतात, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु माणसात मिसळलेली, गरीब, तरुण जनावरे जर कोठे मोठ्या संख्येने सापडत असतील तर ती अशाच जागी. म्हणजे जागेच्या कसोटीने ज्यांना प्रथम उचलायचे, त्यांतच घरात राहायला सर्वांत योग्य अशी कुत्री आहेत. ती पिंजऱ्यात गेली तर वर्षभराने तशी राहतील याची शाश्वती नाही.

(मराठीत ‘गरीब’ हे विशेषण खिशाइतकेच स्वभावालाही लावले जाते. या कुत्र्यांना ते दोन्ही अर्थांनी लागू पडते आणि अडचणीचे मूळही काही अंशी तेथेच आहे.)

घरे का मिळत नाहीत, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे समाजात दया उरली नाही. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या प्रांतात पोराटोरांना ठाऊक आहे, दत्ताच्या तसबिरीत चार कुत्र्यांना ज्यांनी जागा दिली आहे, त्या प्रांतात दयेचा दुष्काळ आहे असे म्हणवत नाही. संध्याकाळी पिशवीत भात आणि बिस्किटे घेऊन निघणारे निवृत्त कारकून आणि शिक्षिका कोणत्याही शहरात दिसतात. अडचण आहे ती खाऊ घालणे आणि सांभाळणे यांच्यामधील अंतराची. हे अंतर न्यायालयीन हुकमाने बुजवण्याचा प्रयत्न नागपुरात होऊन गेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे म्हटले की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत किंवा निवाऱ्यात ठेवून खर्च सोसावा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, खाऊ घालणाऱ्यावर दत्तक घेण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. दोन्ही बाजूंचा कायदेशीर युक्तिवाद बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा मुद्दा शिल्लक राहतो. रोज एक वाटी भात देणारा माणूस आज आजारी पडला तर उद्या देत नाही. त्याच्यावर पुढच्या दिवसाचे बंधन नसते. दत्तक घेणारा मात्र बारा-तेरा वर्षांचे बंधन पत्करत असतो. पहिले दान आहे, दुसरे देणे. दानशूर माणूस कर्ज काढायला बिचकतो, याला निर्दयपणा म्हणत नाहीत.

या देण्याचा आकडा मांडून पाहण्यास हरकत नाही. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या अन्नावर दिवसाला अवघे पन्नास रुपये धरले तरी वर्षाचे १८,२५० आणि बारा वर्षांचे २ लाख १९ हजार होतात. लस, औषधे, गावी जाताना सांभाळणाऱ्याला द्यायचे पैसे निराळे. चिठ्ठीवर ‘विनामूल्य’ असा शब्द असतो, तो या अर्थाने फसवा आहे. शिवाय विनामूल्य वस्तूकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही ठरलेली. पुण्या-नागपुरात हजारो रुपये मोजून बर्फाळ प्रदेशातील हस्की आणायची आणि तिच्यासाठी उन्हाळाभर वातानुकूलन यंत्र चालू ठेवायचे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण याच हवेत, याच मातीत शतकानुशतके टिकून राहिलेले काटक गावठी कुत्रे फुकट मिळत असताना नको असते. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा मुधोळ, राजापलयम अशा जातिवंत देशी कुत्र्यांची नावे घेतली गेली. गावठी कुत्र्याला ना जात ना वंशावळीचा कागद. त्यातही पिल्लू असेल तर कोणीतरी नेते, नर असेल तर लवकर नेते; शस्त्रक्रिया झालेली असली तरी मादी मागे राहते. मुलगाच हवा, हा हट्ट येथपर्यंत पोहोचला आहे.

तथापि प्रतिष्ठेच्या कल्पना हे कारण दुय्यमच. खरी अडचण माहितीची आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला, आणि त्यासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मोटार कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच मोटारी संशयास्पद धरून चालतो आणि चांगल्या मोटारीचीही किंमत पडते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत हीच गोष्ट घडते, फक्त येथे पडायला किंमतच नसल्यामुळे व्यवहारच होत नाही. ‘स्वभावाने गरीब’ असे प्रत्येकच चिठ्ठीत लिहिलेले असते. घरात चार वर्षांचे मूल आणि मधुमेही आई असलेल्या गृहस्थाने त्यावर विश्वास का ठेवावा? चावऱ्या कुत्र्याच्या बातम्या तो रोज वाचतो. न चावणाऱ्या कुत्र्याची बातमी होत नाही. त्याची धास्ती अडाणीपणाची नाही, ती माहितीच्या अभावातून आलेली सावधगिरी आहे.

वस्तुतः ही माहिती अस्तित्वात असते. त्या मादीला पावसात कोणत्या जिन्याखाली झोपायची सवय आहे, शेपूट ओढणाऱ्या मुलापासून ती मुकाट्याने उठून दूर जाते की गुरगुरते, खाताना जवळ गेले तर काय करते, फटाक्यांना घाबरून कोठे दडते, मांजर पाहून धावते का, हे सारे रात्रीच्या रखवालदाराला, कँटीनमधील पोऱ्याला आणि झाडलोट करणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. परंतु ते कागदावर कोठेच नसते. पालिकेची गाडी येऊन जनावर उचलून नेते तेव्हा प्राणी तेवढा निवाऱ्यात पोहोचतो. त्याची माहिती आवारातच राहते. तेथे गजांआड, शंभर कुत्र्यांच्या कल्लोळात, गरीब जनावर एक तर कोपऱ्यात अंग चोरून बसते किंवा भेदरून भुंकत राहते. पाहायला आलेल्या कुटुंबाला दिसते ते एवढेच. ते परत जाते, आणि दीड वर्षाची मादी अडीच वर्षांची होते.

म्हणूनच अनुभवी संस्था तात्पुरत्या सांभाळावर भर देतात. एखाद्या कुटुंबाने जनावर तीन-चार आठवडे घरी ठेवायचे, ते घरात कसे वागते हे पाहायचे आणि मग कायमच्या घराला तसे सांगायचे. यात निवाऱ्याची जागा वाचते हा फायदा आहेच. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे या काळात खात्रीलायक माहिती तयार होते. लंडनमधील सुप्रसिद्ध बॅटरसी निवाऱ्याची स्थापना १८६० मध्ये मेरी टिलबी यांनी केली, तेव्हा त्याच्या नावातच ‘तात्पुरते घर’ असे शब्द होते. त्यावेळच्या वृत्तपत्रांनी या बाईंची यथेच्छ टवाळी केली होती. नावातील तो शब्द महत्त्वाचा होता, कारण कुत्र्याने तेथे आयुष्य काढावे अशी अपेक्षाच नव्हती. आपल्याकडील अनुभव उलटा आहे. मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी डोईमागे आठ आणे देऊ केले. बक्षिसाच्या लोभाने शिपायांनी घराच्या दारातलीही कुत्री ओढून नेली, पारशी समाज खवळला आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. तिच्या मुळाशी कुत्र्यांचा प्रश्न होता, हे आज कोणाला सांगूनही खरे वाटणार नाही, इतकी ती गोशाळा झाली आहे. जनावर आत यायचे, बाहेर जायचे नाही, अशी ती व्यवस्था. तिच्यामागील औदार्याबद्दल शंका नाही. पण ज्या निवाऱ्याला बाहेर पडण्याचा दरवाजा नसतो तो कितीही मोठा बांधला तरी भरतोच. नव्या आदेशांनुसार जे निवारे उभारायचे, ते लंडनच्या धर्तीवर असावेत की पांजरापोळीच्या, याची चर्चा फारशी झालेली दिसत नाही.

आता ज्यांना स्वभावाची खात्री पटली, खर्चाची तयारी आहे, घरचेही राजी आहेत, अशांकडे वळू. यांतही पुष्कळांचे पाऊल अडते, ते घराच्या दारात. शिक्षक, कारकून, बँकेतील अधिकारी आणि शिकण्यासाठी शहरात आलेले विद्यार्थी हा भाड्याने राहणारा वर्ग आहे. त्यांची घरे अकरा महिन्यांच्या करारावर असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यातून ही अकरा महिन्यांची प्रथा देशभर रुजली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली. कारण गेले, अकरा महिने राहिले. अशा करारनाम्यांत पाळीव प्राणी ठेवू नयेत असे कलम अनेकदा घातलेले असते. पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून, गृहनिर्माण संस्थांना बहुमतानेसुद्धा सभासदांच्या पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, असे स्पष्ट केले. पण त्याचा लाभ मुख्यतः घरमालकाला. भाडेकरूचा झगडा संस्थेशी नसतो, मालकाशी असतो. आणि मालकाला कारण न देताही बाराव्या महिन्यात नवा करार नाकारता येतो.

म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर अकरा महिन्यांचे, त्याच्याकडून कुत्र्याला बारा वर्षांचे छप्पर मागितले जात आहे. त्यात नोकरीचा प्रकार मिळवावा. ‘कायम’ या शब्दाने महाराष्ट्रातील शिक्षकाइतके पोळलेले दुसरे कोणी नसेल. तासिका तत्त्वावर आठ-दहा वर्षे काढलेल्या प्राध्यापकाला आणि ‘कायम विनाअनुदानित’ शाळेत वय गेलेल्या मास्तरांना तो शब्द सूचनाफलकावर कुत्र्याच्या संदर्भात वाचताना काय वाटत असेल, हे निराळे सांगायला नको. दयाळू माणसे आणि स्थिर माणसे हे दोन वर्ग आहेत आणि ते एकमेकांवर फारच थोडे पडतात. कुत्र्याला रोज बिस्कीट घालणारा वसतिगृहातील विद्यार्थी दोन वर्षांनी गाव सोडून जाणार. ज्याचा स्वतःचा बंगला आहे त्याने आधीच हस्की आणलेली आहे.

यात धोरणाला करता येण्याजोगे काही आहे काय? भाडेबाजार बदलणे एका पालिकेच्या हाती नाही. मात्र ऑगस्टच्या आदेशातील जबाबदारीचे कलम कसे राबवायचे हे पालिकांच्या हाती आहे. दत्तक घेतलेले कुत्रे रस्त्यावर आले तर दोष अर्जदाराचा, एवढेच सांगितले तर सावध माणूस अर्जच करणार नाही आणि बेफिकीर माणूस रात्रीच्या अंधारात कुत्रे दुसऱ्या पेठेत सोडून येईल. बदली झाली, घर सुटले, मुलाला दमा निघाला, अशा वेळी जनावर निवाऱ्यात परत देण्याची वाट खुली असेल, आणि ते देताना कोणी पोलिसी चौकशी करणार नसेल, तरच लोक पुढे येतील. परतीची सोय ठेवली तर लोक सर्रास परत करतील, हा आक्षेप ऐकू येतो. काही करतील. पण परत आलेल्या कुत्र्याबरोबर त्याच्या सहा महिन्यांच्या गृहवासाची माहितीही येते, आणि दुसरे घर शोधणे त्यामुळे सोपे होते. जर्मनीत पालिका कुत्र्यांवर कर बसवतात आणि काही शहरांत निवाऱ्यातून आणलेल्या कुत्र्याला तो काही काळ माफ असतो. आपल्याकडे पाळीव कुत्र्याचा परवाना अनेक पालिकांच्या नियमांत आहे, पण तो काढणारे थोडे. आवारातून घेतलेल्या कुत्र्याचा परवाना विनाशुल्क करून पालिकेच्या दवाखान्यात त्याची वार्षिक लस फुकट टोचली, तर पालिकेचा खर्च वाढेल तो निवाऱ्यात त्याला बारा वर्षे पोसण्याच्या खर्चापुढे किरकोळ असेल.

उरतो प्रश्न माहितीचा, आणि तेथे पालिकेपेक्षा आवारातील माणसांना अधिक करता येते. नोव्हेंबरच्या आदेशात प्रत्येक संस्थेने आवाराच्या देखभालीसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा असे म्हटले होते. कुंपणाची उंची मोजणे आणि फाटकाला जाळी बसवणे एवढ्यावर त्याचे काम संपले असे समजले जाण्याची शक्यता अधिक. त्याने गाडी येण्यापूर्वी आपल्या आवारातील कुत्र्यांची एक साधी यादी केली तर चित्र पालटेल. छायाचित्र, अंदाजे वय, कानाला खाच आहे की नाही, लसीची तारीख, आणि वागणुकीविषयी चार ओळी. जे अंगावर धावते त्याविषयीही तितक्याच स्पष्टपणे. ही यादी परीक्षा संपण्याच्या आत व्हायला हवी, कारण मे महिन्यात वसतिगृह रिकामे होते, कँटीनला टाळे लागते, आणि माणसात वाढलेले जनावर भुकेने फाटकाबाहेर, हमरस्त्यावर जाते. चार ओळी कोणी लिहायच्या, यावर प्राध्यापक सभेत वाद घालण्याचे कारण नाही. रात्रपाळीचा रखवालदार सांगेल, कोणा कारकुनाने उतरवून घ्यावे.